तंबू ठोकण्याआधी बाभूळ बघा

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं. या महिन्याचा विषय: नदीकाठचा मुक्काम

नाशिकमध्ये कुणी "गंगेवर जाऊन येतो" म्हणलं की तो माणूस काशीला निघालेला नसतो, पिशवी घेऊन गोदावरीवरच्या रामकुंडाकडे निघालेला असतो, हे बाहेरून आलेल्या सुनेला पहिल्या महिन्यातच कळतं. म्हणजे नदी आपल्याला नवीन नाही, पण नदीकाठी रात्र काढायची हौस मात्र नवीनच. मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की दिवाळीनंतर आमच्या घरचे सगळे बॅकवॉटरला, म्हणजे धरणाच्या मागच्या साठ्याकाठी, दोन रात्री तंबूत राहणार आहेत, तर तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की कांद्याच्या भावावरच्या लेखालाही आली नव्हती. सगळी छापता येणार नाहीत, ज्यात बऱ्याच जणांचा प्रश्न येऊन जातो अशी सात घेतोय.

सिडकोतून एक वाचक: दादा, मुलं ६ आणि १० वर्षांची. इन्स्टावर एक कॅम्प बघितला, तंबू अगदी पाण्याला लागून, सकाळी चेन उघडली की समोर नदी. बायको म्हणते एवढ्या जवळ नको, मी म्हणतो जवळ नसेल तर मग घरीच काय वाईट होतं. कोण बरोबर?

वहिनी बरोबर. आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, चप्पल घालवून सांगतोय.

चार-पाच वर्षं झाली असतील. नोव्हेंबर, दारणेचा काठ, धरणाच्या खालच्या अंगाला. आम्ही आणि मेव्हण्याचं कुटुंब. ज्याची जागा होती तो छातीठोक सांगत होता की इथे पाणी येतच नाही, बिनधास्त झोपा. आकाश एकदम स्वच्छ, चांदणं पडलेलं, ढगाचा पत्ता नाही. पहाटे मेव्हणा उठला तर त्याला चप्पल सापडेना, मग मी उठलो तर माझीही सापडेना, मग टॉर्च मारला तर दिसलं काय, तर रात्री कंटाळा करून न धुता ठेवलेली रश्श्याची कढई नावेसारखी गोल गोल फिरत चालली होती आणि तिच्यामागे चुलीतली अर्धी जळलेली लाकडं. पाणी घोट्याएवढंच होतं, ओरडतही नव्हतं, गुपचूप आलेलं. पोरांना गोधडीसकट उचलून बांधावर नेलं, तंबू तसाच ओढला. नंतर चहाच्या टपरीवर कळलं की वरून पाणी सोडलंय, गावात आदल्या संध्याकाळीच सांगून झालं होतं. गावाला सांगितलं, आम्ही गावातले नव्हतो.

तर मुद्दा असा की नदी पावसाने चढते हे आपल्याला लहानपणापासून माहिती असतं, पण नाशिकच्या नद्या पावसाएवढ्याच दरवाजांनी चढतात. गंगापूर, दारणा, मुकणे, कश्यपी, वालदेवी, पालखेड, एवढी धरणं डोक्यावर घेऊन आपण बसलोय. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती काठोकाठ असतात, म्हणजे परतीचा एक जोरदार पाऊस घाटमाथ्यावर पडला की साठवायला जागाच नाही, सोडावंच लागतं. पुढे हिवाळा-उन्हाळ्यात शेतीची आवर्तनं, म्हणजे पाळीपाळीने सोडायचं पाणी. त्यात २००५ च्या कायद्यातलं समन्यायी पाणीवाटप, म्हणजे जायकवाडीत कमी असेल तर वरच्या धरणांनी खाली द्यायचं, २०२३ च्या नोव्हेंबरात दारणा-गंगापूरकडून असंच पाणी सुटलं होतं. आकाशात ढग नाही आणि नदी वाढतेय, हे आपल्याकडे अजिबात आश्चर्य नाही.

बातमीत "इतके हजार क्युसेक विसर्ग" असं येतं ते वाचून आपण पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटर, आपल्या सोसायटीत येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला जवळजवळ तीन टँकर. आता पुढच्या वेळी बातमी वाचा.

मग जागा कशी बघायची? गेल्या गेल्या पाण्याकडे बघू नका, झाडांकडे बघा. नदीकाठी बाभूळ असतेच असते, तिच्या काट्यांत काय अडकलंय ते बघायचं. वाळलेलं गवत, साडीचा तुकडा, गुटख्याच्या पुड्या, दुधाची पिशवी, हे सगळं एका ओळीत एकाच उंचीवर लटकलेलं दिसेल, आणि सगळ्याचं तोंड एकाच दिशेला, खालच्या बाजूला. ती पुराची सही. मी एकदा एका फार सुंदर जागेवर गेलो होतो, हिरवळ, सपाट, वाळू, आणि बाभळीवर चिंध्या माझ्या डोक्याच्या वर हातभर. गाडी वळवली. गोदाघाटावर आपण दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नदीतल्या त्या उंच मूर्तीच्या, कुठपर्यंत पाणी आलं त्यावरून पूर सांगतो ना, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला सगळं शहर तेच विचारत होतं, तसं रानात बाभूळ हाच मारुती. तंबू त्या ओळीच्या वर, आणि फक्त वर नाही, गाडी लावायची ती जागा आणि बाहेर पडायचा रस्ताही त्या ओळीच्या वर. कितीतरी कॅम्प उंचवट्यावर असतात आणि तिथे जायचा रस्ता मधल्या ओढ्यातून जातो. पाणी चढलं की तुम्ही बेटावर.

हे फक्त आपल्याकडचं असंही नाही. टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालुपे नदी पाऊण तासात साधारण २६ फूट चढली, काठावर मुलांचं शिबिर होतं, आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, लावायच्या जागा होत्या, शंभराहून जास्त माणसं गेली. झोपेतली वेळ होती. म्हणून सांगतो, पाण्याला लागून नको, पाणी दिसेल इतपत लांब घ्या.

सोपी निवड हवी असेल तर धरणाच्या खाली राहूच नका, मागे राहा. बॅकवॉटरचं पाणी असं एका तासात अंगावर येत नाही. गंगापूरचं बॅकवॉटर शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, कश्यपीची बाजू, पुढे वैतरणा, घोटीवरून भंडारदरा. पण बॅकवॉटरचा गाळ वेगळाच त्रास देतो. वरून वाळून भेगा पडलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. आणि तळ सपाट नसतो, खाली जुने बांध, विहिरी, झाडांची खोडं बुडालेली असतात, चार पावलं घोटाभर आणि पाचवं पाऊल डोक्यावर. सहा वर्षांच्या पोराला पाण्याजवळ लाइफ जॅकेट घालूनच सोडायचं, कॅम्पवाल्याकडे त्याच्या मापाचं आहे का ते बुकिंगच्या आधी विचारा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

अजून एक, इन्स्टावरचा तो फोटो बहुतेक नोव्हेंबरचा असणार. एप्रिलमध्ये तेच पाणी एवढं आत गेलेलं असतं की तंबूची चेन उघडल्यावर समोर गाळाचं मैदान आणि त्यात क्रिकेट खेळणारी गावातली पोरं. चालू आठवड्याचा फोटो मागवून घ्या, देत नसेल तर समजून जा.

पाथर्डी फाट्यावरून: नेमकं कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. जून ते सप्टेंबर नदीकाठी तंबू अजिबात नाही, हॉटेलात राहा आणि खिडकीतून बघा. थंडीत एक लक्षात ठेवा, निफाडच्या पट्ट्यात जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि पाण्याकाठी दव भरपूर पडतं. सकाळी तंबू आतूनही ओला असतो, पण ते आतलं दव नाही, तुमचाच श्वास आहे, वरची जाळी थोडी उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली तंबूत घेणं हा मात्र जिवावरचा खेळ, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वास नसलेला असतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दोन गोधड्या जास्त घ्या, खाली एक घाला, थंडी जमिनीतून येते.

पक्ष्यांची आवड असेल तर जानेवारीतच नांदूर मध्यमेश्वरला एक सकाळ काढा. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला बंधारा, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं ते. तिथे तंबू कुठेही ठोकता येत नाही, अभयारण्य आहे, बाहेर मुक्काम करा आणि उजाडायच्या आत चापडगावच्या मनोऱ्यावर पोचा.

काजवे बघायचे असतील तर मे अखेर ते मोसमी पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याची बाजू, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. पण गर्दी बघून मला तर काजव्यांचीच दया येते. गाडीचा दिवा आणि मोबाईलचा फ्लॅश बंद, एवढं तरी.

नाशिकरोडहून एक ताई: सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, कमोड लागतो. त्यांना घरी ठेवून जायला मन होत नाही, नेलं तर सगळ्यांचीच अडचण. काय करावं?

ताई, न्याच. फक्त तंबूत झोपवू नका. बऱ्याच कॅम्पवर आता दोन-तीन पक्क्या खोल्या किंवा लाकडी कॉटेज असतात, एक त्यांच्यासाठी घ्या, तुम्ही शेजारी तंबूत. फोनवर "टॉयलेट आहे का" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. "कमोड आहे का, त्याला पाणी नळाने येतं का बादलीने, खोलीपासून किती पावलं, आणि रस्त्यात पायऱ्या किती" असं विचारा. आमच्या आईच्या वेळी मी पायऱ्या विचारायला विसरलो, निघाल्या अठरा, दगडी, बिनकठड्याच्या. आई वर बसूनच राहिली दोन दिवस आणि म्हणाली मला इथूनच छान दिसतंय, पण ते काही खरं नव्हतं.

एक प्लास्टिकची पाठ असलेली खुर्ची घरून न्या. कॅम्पच्या त्या खाली वाकलेल्या कापडी खुर्चीत बसलेला ७२ वर्षांचा माणूस दोघांनी हात दिल्याशिवाय उठत नाही. रात्रीचा दिवा खोलीपासून संडासापर्यंत सलग हवा. आणि जमिनीवर गादी घालून कुणीच झोपू नये, मण्यार रात्री फिरते, बरेचदा झोपेतच चावते आणि तिचा दंश कळतही नाही, सकाळी पोटात दुखतंय म्हणून माणूस ओवा खात बसतो. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे, आणि शंका जरी आली तरी १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय, मांत्रिक नाही, ब्लेड नाही, दोरी आवळणं नाही.

सासूबाईंना पहाटे नदीवर आंघोळ करायची इच्छा असेल तर तांब्याने काठावर. शेवाळलेल्या दगडावर गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरवू नका, गंगा तांब्यातही तीच असते, हे त्याच सांगतील तुम्हाला.

गंगापूर रोडवरून दोन मित्र: आम्ही कॅरव्हान, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन सहकुटुंब निघणार आहोत, जमलं तर पुढे जुन्या व्हॅनलाच कॅरव्हान करायचा विचार आहे. नदीकाठी कुठे लावता येईल, एसी रात्रभर चालेल का, लायसन कुठलं लागतं?

तीन प्रश्न विचारलेत, चौथा जो विचारायला हवा होता तो मीच विचारतो: संडासाची टाकी कुठे रिकामी करणार?

आधी लायसन. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनांत मोडते आणि तिला आपलं नेहमीचं एलएमव्ही लायसन चालतं, व्यवसायाच्या गाडीलाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नक्की करून टाकलंय. ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेल्या कॅरव्हान त्यात बसतात. चालवता येणं वेगळं. ती गाडी उंच असते, गावातल्या वायरी आणि वडाच्या पारंब्या तिला लागतात, आणि घाटात मागून तिची शेपटी बाहेर फिरते. पहिल्या दिवशी त्र्यंबक रोडला सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर एक तास फिरवून बघा, मग पोरंबाळं बसवा.

जुनी व्हॅन बदलायची तर जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसी बुकात जी गाडी लिहिलीय तिच्यात मनाने बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे ठणकावलंय. मागे उचलून ठेवता येईल असा फळीचा पलंग आणि डबे, इथपर्यंत ठीक. छत कापून एसी, सीट काढून टाकणं, गॅसची पाइपलाइन, हे सुरू झालं की आधी आरटीओ आणि विमा कंपनी, मग वेल्डर. आपल्याकडे लोक उलटं करतात.

एसीचं गणित घरच्या इन्व्हर्टरवरून करा. १५० अँपियर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, साधी असेल तर निम्मीच वापरायची, उरले ९००. एक टनाचा एसी तासाला हजारच्या आसपास खातो. म्हणजे डोळा लागायच्या आत एसी बंद. तीच बॅटरी १२ व्होल्टचे दोन पंखे, दिवे आणि सगळ्यांचे मोबाईल रात्रभर ओढते आणि सकाळी उरते. म्हणून एसी हवा असेल तर जिथे १६ अँपियरचा पक्का पॉइंट अर्थिंगसकट आहे अशीच जागा घ्या, आणि कॅम्पवाल्याच्या लोंबणाऱ्या वायरीला गाडी जोडण्याआधी टेस्टर लावून बघा. नाहीतर डिसेंबरात जा, एसी लागतोच कशाला.

पाणी. आम्ही पाच जणांनी शंभर लिटरची टाकी दीड दिवसात संपवली, आणि त्यात कुणी आंघोळ केली नव्हती. भांडी खातात पाणी. मग मेव्हण्याच्या बायकोने राख आणि कागदाने आधी पुसून घ्यायची युक्ती काढली, निम्म्यावर आलं. भांडी नदीत धुवायची नाहीत, साबण तर नाहीच, सत्तर-ऐंशी पावलं लांब जाऊन, पाणी मातीत जिरेल असं. तीच नदी खाली कुणाच्या तरी हंड्यात जाते.

आता ती टाकी. सरकारने मार्च २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरव्हान पार्क, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असं सगळं आहे, पण रस्त्यावर तुम्ही निघाल तेव्हा टाकी रिकामी करायची ठरलेली जागा तुम्हाला पंपापंपावर दिसणार नाही. मग लोक रात्री अंधारात ओढ्याला सोडतात. हे करू नका हो. कॅसेट टॉयलेटची वीस लिटरची पेटी असते, हातात धरून नेता येते, ज्याच्याकडे सेप्टिक टँक आहे अशा रिसॉर्टला किंवा ढाब्याला आधीच फोन करून ठेवा, चार पैसे द्या, फिनेलची बाटली सोबत ठेवा, टाकून झाल्यावर जागा धुवून द्या. पहिल्यांदा विचारताना लाज वाटते, दुसऱ्यांदा नाही.

नदीकाठी लावताना माती बघा. आपली काळी माती सुकलेली असेल तर रस्ता, थोडी भिजली तर साबण. तीन टनाची गाडी दवानेही रुतते. मुरमाची जागा शोधायची, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, दोन फळ्या कायम गाडीत. आणि गॅस, तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून भागत नाही, जमिनीलगत झरोका हवा. भाड्याची गाडी ताब्यात घेताना तो झरोका बघा, बऱ्याचदा कुणीतरी झुरळं येतात म्हणून चिंधी कोंबलेली असते.

कॉलेज रोडवरून: मुलगा कॅलिफोर्नियाला आहे. मेमध्ये जाणार आहोत, तो आरव्ही भाड्याने घेऊन योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात नदीकाठी दोन रात्री म्हणतोय. आम्ही दोघं साठीचे. तिथे काय वेगळं असतं?

वेगळं म्हणजे तिथे ही सगळी व्यवस्था साठ-सत्तर वर्षं मुरलेली आहे. केओए नावाची कॅम्पग्राउंडची मोठी साखळी आहे, तिची पहिली जागाच १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जला यलोस्टोन नदीच्या काठी सुरू झाली. अशा खाजगी ठिकाणी "फुल हुकअप" मिळतं, म्हणजे नळ, वीज आणि सांडपाण्याचा पाइप तिन्ही तुमच्या गाडीच्या दाराशी. योसेमिटीत मात्र यातलं काही नाही, व्हॅलीत मर्सेड नदीजवळ अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स आहेत, जागा सुंदर पण वीज गाडीचीच, आणि जनरेटर ठरलेल्या तासांतच. मुलाला आधी विचारा की त्याने बुकिंग केलंय का, कारण ते काही महिने आधी उघडतं आणि मिनिटांत संपतं, आपल्या दिवाळीच्या रेल्वे तिकिटासारखं. प्रत्येक जागेला गाडीची लांबी ठरलेली असते, गाडी आधी घेऊन जागा मागून शोधली तर पंचाईत.

मेमध्ये मर्सेडचं पाणी म्हणजे डोंगरावरचा वितळलेला बर्फ. दिसायला आपल्या नदीपेक्षा नितळ, तळाचे गोटे मोजता येतात, म्हणून खोल वाटत नाही आणि वाहत नाही असं वाटतं. दोन्ही खोटं. पाय बुडवा, फोटो काढा, परत या. आणि बाभळीची गोष्ट तिथेही लागू बरं का, फक्त तिथे बाभूळ नाही. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेडला मोठा पूर आला, त्यानंतर अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही नदीला अगदी खेटून असलेली दोन कॅम्पग्राउंड बंदच झाली.

वहिनींना एवढं सांगा की मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० चा मिक्सर नुसता गुरगुरतो. चटणी-मसाला इथूनच कुटून न्या. लसणाची फोडणी आरव्हीत घातली की धुराचा अलार्म बोंबलतो, शेजारचे धावत येतात, हा अनुभव माझ्या चुलत भावाने घेतलाय. आणि वास अस्वलाला जातो, हे थट्टेत सांगत नाही, योसेमिटीत प्रत्येक जागेला लोखंडी पेटी असते, खाणं, टूथपेस्ट, अगदी वासाचा साबणसुद्धा त्यात ठेवायचा. लोणच्याची बरणी बाहेरच्या टेबलावर विसरू नका.

इंदिरानगरहून: नदीकाठी शांततेसाठी गेलो, शेजारच्या ग्रुपने रात्री दोनपर्यंत स्पीकर लावला. कॅम्पवाला म्हणतो सगळे पैसे देऊन आलेत. काही कायदा आहे का?

आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, नदीकाठ काही त्यातून सुटलेला नाही. पोलिसांना ११२ वर फोन लावा. पण रात्री दोनला दारू प्यालेल्या पंधरा जणांशी पोराबाळांदेखत वाद घालायला जाऊ नका, त्यापेक्षा बुकिंगलाच विचारा, "त्या दिवशी ग्रुप बुकिंग आहे का आणि स्पीकर चालतो का?" समोरचा खुशीत येऊन "हो हो, डीजेपण आहे" म्हणाला की तुमचं उत्तर मिळालं. आणि शनिवार सोडून मंगळवारी जा. तीच जागा, तेच पाणी, ऐकू येतात ते फक्त टिटव्या.

पंचवटीतून, इयत्ता पाचवी: काका, आम्ही तंबूत झोपलो होतो तेव्हा रात्री नदीचा आवाज खूप मोठा झाला. बाबा म्हणाले भास आहे. खरंच मोठा होतो का?

तुझं पत्र सगळ्यात भारी. भास नाही. एक तर रात्री गाड्या, माणसं, पाखरं सगळं थांबतं, मग नदीच उरते. दुसरं म्हणजे रात्री जमिनीजवळची हवा गार होते आणि वरची थोडी गरम राहते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबवर ऐकू येतो. रेल्वेची शिट्टी तुला दिवसा घरी ऐकू येत नाही आणि रात्री येते ना, तसंच.

पण आवाज नुसता मोठा झाला नाही तर बदलला असेल, म्हणजे आधी खळखळ होती आणि आता घुमल्यासारखा यायला लागला, तर बाबांना उठवायचं, ते चिडले तरी. आणि पुढच्या वेळी गेलास की एक काम तुझ्याकडे. बाबांना सोबत घे, संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला एक काडी उभी रोवायची, तिच्यापासून तुझ्या एका पावलावर दुसरी, मग तिसरी, तंबूच्या दिशेने. झोपायच्या आधी दोघांनी टॉर्चने मोजायच्या, रात्री कुणी सू करायला उठलं की परत मोजायच्या. तिन्ही असतील तर झोप. पहिली दिसली नाही तर आईला सांग. दुसरीही दिसली नाही तर सामान आवरत बसू नका म्हणावं, सगळ्यांना घेऊन आधी वर चला, कढई राहू दे.